दाराखालची फट

नागपुरात श्रावण उतरणीला लागला की फुटपाथवर बैल उभे राहतात. लाकडाचे. मुठीत मावतील एवढ्यापासून थेट वासराच्या उंचीपर्यंत, चार चाकांच्या पाटावर, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. पोळ्याला शेतकऱ्यांचे खरे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरांचे हे लाकडी नंदी. पोरं ते दोरीनं ओढत घरोघर नेतात, लोक नंदीला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदाच सांगून टाकलं.

मी दरवर्षी महाल भागातल्या बाजारात स्कूटर थांबवते, एखादा बैल उचलते आणि उलटा करते. विकणाऱ्याला वाटतं, बाई चाकं बघताहेत. मी पोट बघते. बैलाचं पोट कोणी घासत नाही. वरून पॉलिश, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरू, आणि पोटाखाली करवतीचे ओरखडे तसेच. "पोट पाह्यलं का कारागीर समजते," असं प्रभाकर म्हणायचा. प्रभाकर म्हणजे माझा नवरा. लिहिताना मी त्याला अरे-तुरे करते आहे. समोर सव्वीस वर्षांत कधी 'अहो'च्या पुढे गेले नाही. येत्या मार्गशीर्षात त्याला जाऊन चार वर्षं होतील.

यंदा बैल उलटा केला, खाली ठेवला आणि नेहमीसारखी पुढे गेले नाही. घरी येऊन मागची शेड उघडली. मुक्ता, माझी मुलगी, पुण्याहून येणार होती. तिची ओवी साडेतीन वर्षांची आहे आणि हा तिचा नागपुरातला पहिला तान्हा पोळा. तिचा नंदी तिच्या जन्माआधीपासून आमच्या कपाटावर तयार उभा आहे. फक्त त्याचं मागचं एक चाक तडकलं होतं. नवं चाक करायचं म्हणजे खराद, लाकडाचा लेथ, चालवावी लागणार, आणि खराद चालवायची म्हणजे आधी ती मशीन.

आधी मशीनबद्दल सांगते. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा विषय शिकवते, त्यामुळे यंत्राचं वर्णन करताना मला बरं वाटतं. शेडच्या कोपऱ्यात दोन हॉर्सपॉवरची मोटर आणि तिच्यावर पंखा आहे. पंखा हवा ओढतो. भिंतीवरून एक जाड पाइप फिरतो आणि त्याच्या फांद्या खरादीला, पट्टी-करवतीला आणि घासायच्या मशीनला जातात. प्रत्येक फांदीला प्लायवूडची सरकती झडप. जी मशीन चालू तिची झडप उघडायची, बाकीच्या बंद. लाकडातून उडालेलं सगळं पाइपातून पत्र्याच्या एका मोठ्या उलट्या शंकूत जातं, तिथे गरगर फिरतं, जड ते खाली डब्यात पडतं आणि हलकं ते वरच्या गाळणीच्या पिशवीत अडकतं. बटण दाबलं की पिशवी एकदम छाती भरून घेतल्यासारखी फुगते.

बटण बंद केल्यावर पंखा लगेच थांबत नाही. चाळीस सेकंद लागतात. आवाज उतरत उतरत जातो, पिशवी बसते, आणि अगदी शेवटी कुठूनतरी दोनदा ठक ठक असं वाजतं. पहिल्यांदा मोठं, मग बारीक. प्रभाकरचा खोकला असाच संपायचा. एक मोठा, मग एक बारीक, जणू राहिलेलं पुसून घेतो आहे.

का वाजतं ते मला माहीत आहे. खरादीची झडप सैल आहे; हवेचा दाब गेला की ती खाचेत मागे-पुढे होते. नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरी कापडाचा, बोटभर तुकडा चिकटवला तर पाच मिनिटांत आवाज बंद होईल. नमदा माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. चार वर्षं झाली.

*

आमच्याकडे लाकडाच्या भुशाला बुरादा म्हणतात. प्रभाकर त्यातही दोन भाग करायचा. करवतीखाली पडतो, झाडूनं गोळा होतो, चुलीत जातो तो बुरादा. आणि घासताना उडतो, पडतच नाही, नुसता हवेत राहतो, तो मैदा. "बुरादा दिसते, मैदा दिसत नाही," असं तो म्हणायचा, आणि वर हेही म्हणायचा की सागवानाचा मैदा अंगाला लागला की अत्तर लावायची गरज नाही. दुपारी तीनच्या सुमाराला शेडच्या पत्र्यातल्या एका भोकातून उन्हाची तिरीप यायची, तेवढ्यात तो दिसायचा. पिवळट, अगदी संथ. तिरीप सरकली की हवा पुन्हा स्वच्छ वाटायची. बुराद्यानं कोणाला काही होत नाही. होतं ते मैद्यानं. हे मला आता माहीत आहे.

प्रभाकर पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. आम्ही शहराच्या कडेला, बेसाला प्लॉट घेतला तेव्हा आमच्या लेआउटमध्ये सहा घरं आणि बाकी तुरीचं शेत होतं. घर बांधल्यावर त्यानं मागे शेड घातली, दीड फूट उंच ओट्यावर, आणि ऑफिसातून आला की तो तिथे. वर्षभर स्टुलं, देव्हारे, पाट. श्रावणात नंदी. लेआउटमधल्या ज्या घरी पोरगं जन्माला येईल त्या घरी याचा नंदी जायचा. विकला एकही नाही. नंदीच्या पोटावर स्वतःचं नाव नाही, पोराचं नाव कोरायचा, आणि ते कोरायच्या आधी पोट असं घासायचा की गालाला लावावं.

तो घासायचा आणि मैदा घरात यायचा. भांड्यांवर, मुक्ताच्या वह्यांवर, दह्याच्या सायीवर. त्यात मुक्ताला लहानपणी दमा. हिवाळ्यात तिची छाती रात्रभर सूं सूं वाजायची. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. मी टाळली. शेडला बाहेर फेकणारा पंखा मीच बसवला होता. शेजारणीच्या वाळवणावर धूळ जाते म्हणून तिनं तोंड सोडलं तेव्हा त्या पंख्याची वायरही मीच काढली. मग उरलं दार. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडचं दार समोर दिसायचं. दिवसातून तीनदा मी ओरडायचे, "दार लावा!"

"लावलं वं!" आतून आवाज यायचा. आणि कडी वाजायची.

मी फार ओरडणारी बाई नाही. पण माझा आवाज वर्कशॉपमध्ये शिकवून तयार झालेला आहे, तो लांब जातो. ते दोन शब्द मी वर्षानुवर्षं म्हटले. मोजले नाहीत. आता कोणाला म्हणत नाही. आयटीआयमधल्या मुलांना "दरवाजा बंद करा" असं म्हणते. त्यांना ते पुस्तकी वाटतं आणि ती हसतात. हसू देत.

*

फुप्फुसं कडक होत चालली आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा खोकला दीड वर्षाचा जुना होता. प्रभाकरनं तो सर्दीच्या, घशाच्या, एसीच्या अशा निरनिराळ्या नावांवर काढला होता. मी सरळ विचारलं, लाकडामुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, असू शकतं. नसूही शकतं. लहानपणीचा धूर असेल, कबुतरं असतील, किंवा काहीच नसेल. बऱ्याच जणांत एक कारण सापडत नाही. बाहेर आल्यावर प्रभाकर म्हणाला, "पाह्य, लाकडाले उगाच दोष देऊन राहिली होती तू." त्याला बरं वाटलं होतं. मला नाही. मला कारण लागतं. फ्यूज उडाला तर का उडाला हे कळल्याशिवाय मी दुसरा लावत नाही.

त्या वर्षीचा श्रावण मला सगळा आठवतो. पुढच्या खोलीत ऑक्सिजनची मशीन दिवसभर गुरगुरायची आणि तिच्यातून निघालेली लांब नळी प्रभाकरच्या नाकात असायची. मुक्ताला चौथा महिना होता. तिचा फोन येऊन गेला आणि प्रभाकर खुर्चीत ताठ बसून म्हणाला, "सुनंदा, नंदी करा लागन."

"विकतचा आणू."

"विकतच्याचं पोट पाह्यलं का कधी?"

डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही असं बजावलं होतं. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी कागदावर पाइपांचं चित्र काढलं. माणूस धुळीत जाऊ शकत नसेल तर धूळ काढून टाकायची. हे मला पंधरा वर्षं आधी सुचायला हवं होतं. तेव्हा सुचलं ते एवढंच की दार लावा.

पत्र्याचा शंकू करायला गजूभाऊ आला. गजूभाऊ कूलर बनवतो. नागपुरात उन्हाळ्यात त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि श्रावणात हाताला काम नसतं. त्यानं माझं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"मॅडम, कूलर हवा फेकते. तुमचा कूलर हवा ओढून राहिला."

"तेच पाहिजे."

"आन् पानी कुठून टाकाचं?"

"पाणी नाही टाकायचं, भाऊ. धूळ पकडायची आहे."

तो प्रभाकरकडे वळला. "साहेब, तुम्ही बैल बनवता का चक्की टाकून राहिले?"

प्रभाकर हसला, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि तो खोकला संपेपर्यंत गजूभाऊ हातातल्या पत्र्याकडे बघत उभा राहिला. मग त्यानं माप घेतलं. शंकू त्यानं इतका गोल वळवला की सांधा शोधावा लागतो.

पाइप प्लास्टिकचे होते. प्लास्टिकच्या पाइपातून कोरडी धूळ जोरात गेली की त्याच्यावर वीज साठते, हात लावला की झिणझिणी. म्हणून मी प्रत्येक पाइपाच्या आतून उघडी तांब्याची तार ओढली आणि अर्थिंगला जोडली. ही आठवण सांगते कारण त्या चार दिवसांत आम्ही जितकं बोललो तितकं त्याआधी चार वर्षांत बोललो नसू. तो ओट्याखाली अंगणात खुर्ची टाकून बसायचा. नळी दारातून, व्हरांड्यातून त्याच्यापर्यंत यायची. शेडच्या आत मी त्याला ऑक्सिजन घेऊन येऊ दिलं नाही. मोटरची ठिणगी, मैदा आणि ऑक्सिजन एका खोलीत ठेवायला मी वेडी नाही. त्यानं हुज्जत घातली. मी म्हटलं, "नंदी पाहिजे का स्फोट?"

"तू सांगशीन तसं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पह्यलेच बनवली असती ही मशीन तं?"

त्यानं सहज विचारलं होतं. त्याच्या आवाजात काही नव्हतं. मी पाइपात तोंड घालून तार ओढत होते, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही.

*

ती तार खाली दाराजवळून आणायची होती. त्यासाठी मी शेडचं दार आतून लावलं. शेडमध्ये आत उभं राहून दार लावण्याची ती माझी पहिली वेळ असावी. एरवी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारणारी.

दाराच्या खालच्या कडेला आतून लाकडाची पट्टी ठोकलेली होती, आणि पट्टीखाली कापडाची एक घट्ट वळी. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, फटीत दाबून बसवलेली. बोट लावलं तर भाकरीसारखी कडक. वरचा पापुद्रा निघाला आणि आतून हिरवं दिसलं. हिरव्यात बारीक पिवळा ठिपका.

ती माझी साडी होती. सुती, हिरवी, मला फार आवडायची. कधीतरी नेसायला काढली तेव्हा हातभर कमी भरली होती, पदराकडून फाडल्यासारखी. मी इस्त्रीवाल्याशी भांडले होते. तो बिचारा शपथा घेत होता. मी त्याच्याकडे कपडे टाकणं बंद केलं होतं.

मी शेडमध्ये वळून पाहिलं. बिजागरीच्या बाजूची उभी फटही बुजवलेली होती, मेणकापडानं. खिडकीच्या कडेला चिकटपट्टी. तिथे हवेला जायला जागाच नव्हती. मी फक्त दार लावा म्हटलं होतं. फटी बुजवा असं मी म्हटलं नव्हतं.

दार उघडलं. प्रभाकर समोरच खुर्चीत होता. माझ्या हातात हिरवा पापुद्रा होता आणि त्यानं तो पाहिला.

"हे कधी लावलं?"

"ते होय?" त्यानं नाकातली नळी जरा सारखी केली. "झाले असन चार-दोन वर्षं. पावसाचं पानी येते ना खालून. राहू दे ते."

ओटा दीड फूट उंच आहे. बेसाला वीस वर्षांत अंगणातसुद्धा पाणी तुंबलेलं नाही. हे त्याला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मी पापुद्रा खिशात टाकला आणि विचारलं, "चाकं किती इंचाची?"

"तीन," तो म्हणाला.

नंदीचं अंग त्यानं आजाराआधीच कापून ठेवलं होतं. घासलं मी. तो बाहेरून सांगायचा, मशीनच्या आवाजातून ओरडून नाही, हातानं. तळहात पालथा म्हणजे हळू. अंगठा वर म्हणजे पुढचा कागद. मधेच एकदा दुपारी लाइन गेली. शेडमधला पंखा उतरायला लागला आणि त्याच्या आवाजाखालून मला जाणवलं की घरातली गुरगुरही थांबली आहे. मी धावले, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवली, नळी जोडली. परत आले तेव्हा प्रभाकर तिरिपीकडे बघत होता. पत्र्याच्या त्या भोकातून ऊन आत आलं होतं आणि त्यात काहीच नव्हतं. नुसतं ऊन.

"मैदा नाही," तो म्हणाला. "सुनंदा, पाह्य. एक कण नाही."

अजूनही लाइन गेली की मी उठून चार पावलं धावते. मग थांबते.

*

त्या तान्ह्या पोळ्याला तो व्हरांड्यात बसून होता. लेआउटमधली पोरं रांगेनं आपापले नंदी घेऊन आली. निम्मे त्यानंच केलेले. तो प्रत्येकाला उलटा करायला लावायचा, पोटावरून हात फिरवायचा, मग बोजारा. कोपऱ्यावरच्या घरची एक चिमुरडी त्याच्याकडे टक लावून उभी होती.

"आजोबा, तुमच्या नाकाले दोरी काहून लावली?"

तिची आई लाजेनं मेली. प्रभाकरनं मात्र गंभीर तोंड केलं. "मी बी नंदीच हो वं बाई. वेसन घातली मले."

"मग तुम्हाले कोन ओढते?"

त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे हसले. मी पण हसले. हसले हे मला आठवतं.

तो जन्माचा महालातला. त्याच दिवशी तिकडे मारबत निघते, माणसाहून मोठी कागदाची-बांबूची पुतळी, आणि गर्दी तिच्यामागे ओरडत जाते: इडा पिडा घेऊन जा गे मारबत, खासी-खोकला घेऊन जा गे मारबत. मुक्ता लहान असताना तो तिला खांद्यावर घेऊन दरवर्षी न्यायचा. मुक्ता खोकत खोकत ओरडायची आणि तो तिचे पाय धरून तिच्याहून मोठ्यानं ओरडायचा. त्या वर्षी बेसाच्या पोरांनीच कागदाची एक छोटी मारबत केली होती. ती गल्लीच्या तोंडाशी जाताना आवाज आला, खासी-खोकला घेऊन जा गे... प्रभाकरनं तोंड उघडलं, पण ओरडायला लागतो तेवढा वारा त्याच्यापाशी नव्हता. ओठ हलले. मी ताटातलं कुंकू सारखं करत बसले.

मार्गशीर्षात तो गेला. माघात ओवी झाली.

कापडाचं मी त्याला पुन्हा विचारलं नाही. विचारायला तीन महिने होते. माझ्यासारखी बाई, जी रिक्षावाल्याला दोन प्रश्न जास्तच विचारते, ती तीन महिने गप्प बसली. कारण त्यानं खरं सांगितलं असतं तर ते एकच असू शकत होतं: तू म्हणत होतीस म्हणून. तेव्हापासून शेडमध्ये पाऊल टाकलं की मी त्या वळीकडे बघते. ती मी काढली नाही. पावसाचं पाणी येतं म्हणून.

*

मुक्ता शनिवारी आली. ओवी आल्या आल्या शेडमध्ये घुसली. मी नवं चाक खरादीवरून उतरवलं होतं, मशीन बंद केली होती, पंखा उतरत होता. मुक्ता ओवीच्या मागे आत आली आणि तिनं सहज पाठीमागे दार ढकललं. तिची नजर खाली गेली. ती उकिडवी बसली आणि पट्टीवर हात ठेवून तशीच राहिली.

मला काहीतरी बोलावं लागलं. "ते पावसाचं पाणी येतं म्हणून बाबांनी..."

"पाणी नाही, आई."

ठक. ठक. झडप वाजली. ओवी दचकून म्हणाली, "कोण आहे?"

"झडप आहे," मी म्हटलं. "सैल झाली."

मुक्ता वर बघत नव्हती. पुण्यात राहून तिची भाषा कडक इस्त्रीची झाली आहे, प्रभाकर असताना तिला त्यावरून चिडवायचा. ती इस्त्री त्या क्षणी मोडली. "मी होती सहावीत. लय खोकून राहिली होती तेव्हा. बाबा म्हणाले, मुक्ते, मैदा खालून पळते, त्याले कोंडून टाकू. आईले सांगू नको. मी टॉर्च धरला. खिळे मी दिले एक एक. साडी बी मीच आनली तुझ्या कपाटातून. मले वाटलं जुनी आहे." तिनं नाक पुसलं. "तू इस्त्रीवाल्याला ओरडत होतीस तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले होते."

मी स्टुलावर बसले.

"डॉक्टरांनी बाबांचं सांगितलं ना," ती म्हणाली, "तेव्हापासून मला तेच दिसतं. मी खिळे देते आहे. तुला कळलं तर तू काय म्हणशील, म्हणून मी या शेडमध्ये येतच नव्हते."

मी चार वर्षं तिच्यापासून हे लपवत होते, की तिला वाटू नये तिच्या छातीसाठी दार लावलं. तिनं अठरा वर्षं माझ्यापासून लपवलं होतं, त्यातली पहिली चौदा त्या दोघांनी मिळून. घरात तीनच माणसं आणि एक दार.

"तू खिळे दिलेस," मी म्हटलं. "दार लावा असं मी ओरडत होते. रोज तीनदा."

"ते तर तू सगळ्यांनाच ओरडायचीस."

"पंख्याची वायरही मी काढली."

"शेजारच्या काकूंनी काढायला लावली. बाबांनी कधी कोणाचं ऐकलंय का? तू बंद करा म्हटलं होतंस. चिकटपट्टी कोणी सांगितली होती?"

ते मी कधी त्या बाजूनं पाहिलं नव्हतं. तो नंदीचं पोट घासणारा माणूस होता. जिथे कोणी बघत नाही तिथेही त्याला फट चालत नसे. लेकीच्या छातीसाठी दार लावायचं म्हटल्यावर तो ते साधं कसं लावणार?

मी पेचकस आणला. पट्टीचे खिळे गंजले होते, निघायला वेळ लागला. वळी बाहेर आली तशी दाराखाली बोटभर उजेड दिसायला लागला, आणि उंबऱ्यावर पिवळ्या पिठाचा लांब ढीग. अठरा वर्षांचा. ओवी हात घालायला पुढे झाली, मी तिला उचलून बाहेर ओट्यावर ठेवलं आणि मुक्ताच्या नाकाला मास्क लावला.

"पाइप धर."

बटण दाबलं. पिशवी फुगली. मुक्तानं पारदर्शक पाइपाचं तोंड उंबऱ्याशी नेलं आणि तो सगळा मैदा एका दमात आत गेला. पाइप क्षणभर पिवळा झाला आणि परत काचेसारखा. तेवढ्यात संपलं. एवढंच होतं ते.

मुक्ता हिरव्या वळीकडे बघत म्हणाली, "धुऊन याची झूल करू का ओवीच्या नंदीला?"

"मुळीच नाही. कितीही धुतलं तरी तो त्यातून निघत नाही. तिच्या नाकाजवळ मी ते जाऊ देणार नाही." मी ते कापड पिशवीत गुंडाळलं. "झूल पाहिजे तर उरलेली साडी आहे ट्रंकेत."

"अजून ठेवलीस?"

"साडी चांगली होती. हातभरच कमी आहे."

मशीन बंद केली. आवाज उतरत गेला. आम्ही तिघी उभ्या होतो, कोणी ठरवलं नव्हतं, पण वाट बघत होतो. ठक. आणि मग ठक. ओवीनं या वेळी विचारलं नाही, तिनंच मान हलवून सांगितलं, "झडप."

निघताना मुक्ताचा हात कडीवर गेला. "दार लावू?"

"राहू दे उघडं," मी म्हटलं.